एकाहत्तराव्या पानावरची भट्टी

बोलोन्यात दोन गोष्टी चुकूनसुद्धा करायच्या नसतात. रागूत, म्हणजे पास्त्यावरच्या खिम्याच्या सॉसमध्ये, लसूण घालायचा नाही, आणि पदवी हातात पडायच्या आधी उंच मनोऱ्यावर चढायचं नाही. पहिली चूक झालीच तर माफी मागता येते, दुसरीला माफी नाही. जो विद्यार्थी आधीच त्या चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढला, त्याची पदवी गेली म्हणून समजावं. डॉक्टर होऊ घातलेली, इंजिनियर होऊ घातलेली, देवाधर्माला हसणारी पोरंसुद्धा त्या मनोऱ्याच्या दारावरून खाली मान घालून जातात.

नोर्मा झानारीनी अठ्ठेचाळीस वर्षं अशी खाली मान घालून जात होती.

एकोणिसाव्या वर्षी तिनं विद्यापीठात नाव घातलं, इतिहास घेतला. शेवटची परीक्षा आणि प्रबंध एवढंच उरलं असताना आईचा उजवा हात लुळा पडला. रिझोली रस्त्याच्या मागे, पाला बोळात, आईचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं. लाटणं कुणीतरी हातात घ्यायला हवं होतं. नोर्मानं घेतलं ते घेतलंच. पुढे लग्न झालं. नवरा जीनो, भला माणूस. पाहुणे आले की त्यांना मनोऱ्यावर तोच घेऊन जायचा आणि नोर्मा खाली आइस्क्रीम खात उभी राहायची. "तू पदवी घे, मग आपण दोघं जाऊ," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि अख्खा बोळ हसायचा. पाच वर्षांपूर्वी जीनो गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी नोर्मा हात धुऊन, एप्रन काढून विद्यापीठाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिनं परत नाव घातलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आणि आज, जुलैच्या सोळा तारखेला, साडेअकरा वाजता, सदुसष्टाव्या वर्षी तिचा प्रबंध परीक्षकांपुढे होता.

पहाटे पाचला तिची झोप उडाली ती उडालीच. सहाला ती दुकानाच्या मागच्या खोलीत होती. संध्याकाळी बोळातल्या सगळ्यांना जेवण सांगितलेलं, म्हणजे निदान हजारभर तोर्तेल्लीनी वळायला हवेत. कणकेची पातळ पोळी, तिचे इवले चौकोन, मध्ये चिमूटभर सारण, घडी, आणि करंगळीभोवती एक वेढा. हात आपोआप चालत होते आणि डोकं एकाहत्तराव्या पानावर अडकलं होतं.

"हे तोर्तेल्लीनी आहेत का मटार?" दारातून आवाज आला. एर्मान्ना, जीनोची थोरली बहीण, वय वर्षं बाहत्तर, मुक्काम शेजारचं मोदेना. खास पदवीसाठी आदल्या दिवशीच्या गाडीनं आली होती. नणंद असावी तशीच होती. आल्या आल्या तिनं भावजयीच्या पडद्यांना नावं ठेवली आणि मग तिच्या गळ्यात पडून दहा मिनिटं रडली.

"चमच्यात सात बसले पाहिजेत," नोर्मा मान वर न करता म्हणाली.

"आमच्याकडे तीन बसतात, पण पोट भरतं."

"मोदेनात नुसतं पोटच असतं, एर्मान्ना. जीभ आमच्याकडे असते."

"अगं, ज्यांनी शोधून काढले त्यांना शिकवतेस? तोर्तेल्लीनो जन्मला मोदेनात!"

"बोलोन्यात!"

पस्तीस वर्षं चाललेलं भांडण. त्यातलं एक वाक्य बदललं असतं तर दोघींनाही करमलं नसतं. पण आज एर्मान्नानं ते मध्येच सोडलं आणि ती स्टूल ओढून समोर बसली.

"रात्री झोपेत बडबडत होतीस. एकाहत्तर, एकाहत्तर. काय आहे त्या पानावर?"

नोर्माचं लाटणं थांबलं. "माझा घात आहे त्या पानावर."

मग तिनं सांगितलं. प्रबंध होता शहरातल्या जुन्या सार्वजनिक भट्ट्यांवर. घरोघरच्या बायका कणीक घेऊन जायच्या आणि पाव भाजून आणायच्या, त्या भट्ट्या. बाकी साऱ्यांच्या जागा सापडल्या होत्या, एक सापडत नव्हती. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका खरेदीखतात तिची खूण लिहिली होती: मारिया माग्दालेनाच्या सणाच्या आठवड्यात, सकाळची मधली घंटा होते तेव्हा लांब मनोऱ्याच्या डोक्याची सावली भट्टीच्या धुराड्यावर टेकते.

"मग त्यात अवघड काय? सण सहा दिवसांवर तर आलाय. वर जायचं, बघायचं."

नोर्मानं लाटणं ओट्यावर आपटलं.

"बरं बरं," एर्मान्ना म्हणाली. "तू नाही जायचं. कळलं."

नोर्मानं दुसराच उपाय केला होता. फेब्रुवारीत, थंडीनं नाक लाल झालेलं असताना, खाली रस्त्यात उभं राहून तिनं सावलीची दिशा बघितली. खालून सावलीचं डोकं दिसतच नाही, ते कुठंतरी छपरांवर पडतं. मग उन्हाळ्याचा फरक अंदाजानं धरला, नकाशावर पट्टी ठेवली आणि ठोकून दिलं की भट्टी शेजारच्या बोळात, औषधांच्या दुकानाच्या अंगणात होती. तिचे मार्गदर्शक, प्राध्यापक तास्सिनारी, म्हणाले होते, "एकदा जुलैत वर जाऊन बघितलं असतंत, तर सावलीनं स्वतःच बोट दाखवलं असतं." नोर्मा म्हणाली, "पदवीनंतर." तास्सिनारी इथलेच, त्यांनी पुढे एक अक्षर काढलं नाही. पण परीक्षक म्हणून यायच्या होत्या तोरिनोच्या प्राध्यापिका बोझिओ. त्यांनी एकाहत्तराव्या पानाशी लाल शाईनं लिहून पाठवलं होतं: प्रत्यक्ष पाहणी केली का? आणि खाली दोन रेघा.

"दोन?" एर्मान्नानं विचारलं.

"दोन."

"तोरिनोची माणसं," एर्मान्ना म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत नणंद-भावजयींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

साडेआठला एर्मान्नानं तिला जबरदस्तीनं बाहेर काढलं. घरात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा चार पावलं चाल, काही खा, असं तिचं म्हणणं. नोर्मानं नवा निळा झगा घातला, प्रबंधाची प्रत पिशवीत घेतली आणि दोघी निघाल्या. सकाळ अशी लख्ख होती की कमानींखालच्या सावलीतसुद्धा डोळे दिपत होते. बाजार उघडत होता. पीचच्या पेट्या रस्त्यावर येत होत्या, मासेवाला बर्फ फोडत होता, आणि जो तो ओरडत होता, "नोर्मा! आज ना?" "आज!" "घाबरू नकोस गं, आम्ही सगळे येतोय!" कसायानं मोर्तादेल्लाचा गुलाबी काप कागदावर ठेवून तिच्या तोंडासमोर धरला. चीजवाल्या म्हातारीनं पोळपाटाएवढ्या चकतीचा तुकडा तोडून दिला आणि वर तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बोलोन्याची बाई कितीही घाबरली तरी मोर्तादेल्लाला नाही म्हणत नाही. तिनं दोन काप खाल्ले.

मोठ्या चौकाशी आल्यावर एर्मान्ना मधल्या उंच फरशीवरून सरळ तिरपी चालू लागली. नोर्मा कडेच्या कमानींखालून, अख्ख्या चौकाला वळसा घालून निघाली. विद्यार्थ्यांनी चौक तिरपा ओलांडायचा नसतो, तेही पदवीच्या मुळावर येतं. नोर्मा धापा टाकत पलीकडे पोहोचली तेव्हा एर्मान्नाचा बाजारात घेतलेला पाव खाऊन संपला होता.

"अठ्ठेचाळीस वर्षं असं चालत आलीस?"

"हो."

"तरीच टाचा झिजल्यात."

मनोऱ्याशी आल्यावर मात्र एर्मान्ना थांबली. मान मागे टाकून वरपर्यंत बघितलं, आणि हातातली पर्स नोर्माच्या हाती दिली.

"मी वर जाऊन येते."

"तू? कशाला?"

"आमच्या मोदेनाचा मनोरा याहून देखणा आहे, याची एकदा वरून खात्री करून घेते."

"हा सत्त्याण्णव मीटर आहे. तुमचा किती?"

"शहाऐंशी. पण पांढराशुभ्र आहे, असा जळक्या विटेसारखा नाही." एर्मान्नाच्या चेहऱ्याचा रंगही तेव्हा पांढराशुभ्रच होता, पण नोर्माचं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे दोन लाल रेघा होत्या.

ती समोरच्या कॉफीच्या दुकानात बसली. सव्वानऊ झाले. एक कॉफी झाली. साडेनऊ. दुसरी झाली. पावणेदहाला मनोऱ्याच्या दारावरचा फाउस्तो, तिकिटं फाडणारा जाडजूड गडी, रस्ता ओलांडून तिच्याकडेच आला. तोंडावर हसू दाबून धरलेलं.

"नोर्मा, तुमची ती मोदेनावाली."

"काय झालं?"

"वर बसलीये. भिंतीला धरून. वर पोचली आणि तिचे हातपाय गळाले. माझ्या पोरीनं समजावलं, पाणी दिलं, काही उपयोग नाही. म्हणते, नोर्मा आल्याशिवाय मी उठणार नाही."

"मग तू आण ना तिला!"

"मी गेलो होतो. मला चावली."

नोर्मा उभी राहिली. खाली बसली. परत उभी राहिली. "फाउस्तो, आज साडेअकराला माझी..."

"माहितीये हो. अख्ख्या गावाला माहितीये." फाउस्तोचं हसू गेलं. "म्हणून तर मी स्वतः वर जाऊन आलो, तुम्हाला बोलवायच्या आधी. अग्निशमनवाल्यांना बोलावू का? पण ते तिला खुर्चीला बांधून उतरवतील, आणि तिचं काळीज... वय आहे हो."

जीनोचं काळीजही असंच दगा देऊन गेलं होतं.  ती त्या दाराकडे बघत राहिली. लहानसं, बुटकं दार, आत काळोख. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं त्या दारावर साधी नजर टाकली नव्हती. रात्ररात्र जागून दिलेल्या परीक्षा, चष्म्याचे तीन नंबर, कणकेच्या हातानं उलटलेली पुस्तकं, सगळं त्या उंबऱ्याच्या अलीकडे होतं. पलीकडे एर्मान्ना होती, जी तिच्या पडद्यांना नावं ठेवायची.

"मसणात गेली पदवी," नोर्मा मोठ्यानं म्हणाली आणि आत शिरली.

पहिल्या शंभर पायऱ्या तिनं रागानं चढल्या. दुसऱ्या शंभर एर्मान्नाला शिव्या देत. त्यानंतर शिव्यांना पुरेल इतकाही श्वास उरला नाही. लाकडी जिना भिंतीला चिकटून वर वर जात होता, पायऱ्या झिजून मधोमध खळगे पडलेले, आणि मधून खाली बघावं तर विहीर. लाटण्यानं दंड लोखंडाचे झाले होते, म्हणून ती गुडघ्यांऐवजी कठड्याला धरून हातांनीच स्वतःला वर ओढत होती. चौथ्या शेकड्याला तिला एकदम हसू आलं. आता मागे फिरून तरी काय उपयोग? चारशे चढल्या काय आणि चारशे अठ्ठ्याण्णव चढल्या काय, शाप एकच लागणार होता.

"नोर्मा? तूच ना?" वरून बारीक आवाज आला. "डोळे मीट! डोळे मिटून वर ये! काही बघितलं नाहीस तर चढलीस असं होत नाही!"

आणि गंमत म्हणजे नोर्मानं खरंच डोळे मिटले. शेवटच्या वीस पायऱ्या ती आंधळ्यासारखी चाचपडत चढली. वर वारा होता. एक गार, ओला हात तिच्या मनगटाला घट्ट बिलगला.

"तुला कुणी सांगितलं होतं वर यायला?" नोर्मा डोळे मिटूनच ओरडली. "गादीवर चढलीस तरी चक्कर येते तुला, जीनो सांगायचा मला!"

"तुला यायचं नव्हतं ना," एर्मान्ना रडत म्हणाली. "म्हटलं, आपण बघून यावं सावली कुठं पडते ती. तू तिथं पोचलीस की कानात सांगावं. त्या तोरिनोवालीच्या दोन रेघा... पण वर आले आणि डोळेच उघडेनात गं. काहीच बघितलं नाही मी. अक्कल गहाण टाकली होती मी."

 पस्तीस वर्षं जिच्याशी तोर्तेल्लीनीवरून भांडण केलं, ती बाई तिच्या एका पानासाठी मरणाच्या भीतीनं इथवर चढून आली होती. नोर्माला तिची इतकी माया दाटून आली की तिनं त्या गार हाताचा मुका घेतला.

तेवढ्यात दहाची घंटा झाली. खालून, मोठ्या देवळाची, घणघणत.

सकाळची मधली घंटा. मारिया माग्दालेनाच्या सणाला सहा दिवस.

नोर्मानं डोळे उघडले.

आधी काही कळलंच नाही, नुसती लाल कौलं, लाल, विटकरी, शेंदरी, क्षितिजापर्यंत पसरलेली. मग रस्ते दिसले, तिच्या पायांखालून निघून चहूकडे गेलेले. चौक, देवळं, दूर टेकडीवरचं माउलीचं देऊळ. अरे, हे माझं गाव! ती अक्षरशः उडी मारायची राहिली. आणि मग तिला ती दिसली. मनोऱ्याची लांब, काळी, बारीक सावली रिझोली रस्त्यावरून तिरकी उजवीकडे, छपरांवर आडवी पडली होती. नोर्मा कठड्यावर ओणवी झाली. औषधांच्या दुकानाचं अंगण? सावली तिथं नव्हतीच. ते चांगलं पन्नास पावलं पलीकडे, लख्ख उन्हात पडलं होतं. सावलीचं डोकं अलीकडच्या बोळात होतं. एका बसक्या छपरावर, एका रुंद, जुनाट धुराड्यावर. आणि त्या धुराड्याला होतं निळं झाकण.

ते झाकण नोर्मानं स्वतः बसवलं होतं. कबुतरं आत घरटी करायची म्हणून, आईच्या जुन्या रश्श्याच्या पातेल्याचं, तारेनं बांधून.

"एर्मान्ना," ती म्हणाली. "एर्मान्ना, ती माझ्या दुकानात आहे."

"कोण?"

"भट्टी! मागच्या खोलीत! आई म्हणायची, एवढ्याशा खोलीला एवढं मोठं धुराडं कशाला कुणी बांधलं असेल? ती काळी भिंत, मी तिला तीनदा चुना फासला, तीनदा काळी झाली. त्या भिंतीला पाठ लावून मी पंचेचाळीस वर्षं कणीक मळतेय!"

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एर्मान्ना डोळे मिटूनच विचारत होती, "म्हणजे पान बरोबर का चूक?"

नोर्माचं हसू जागच्या जागी थांबलं.

"चूक," ती म्हणाली. "साफ चूक."

उतरायला पाऊण तास लागला. नोर्मा पुढे, तोंड जिन्याकडे करून, आणि एर्मान्नाचं एकेक पाऊल हातानं धरून खालच्या पायरीवर ठेवत. "उजवा. आता डावा. सांग, तोर्तेल्लीनो कुठं जन्मला?" "मोदेनात!" "मग पाय सोडते." "नको! नको! कास्तेलफ्रांकोत! अर्ध्या वाटेवर!" त्यापुढे एर्मान्ना ढळली नाही. प्राण गेला तरी बोलोन्याचं नाव घेणार नाही, अशी ती बाई. शंभर पायऱ्या उरल्यावर ती हळूच म्हणाली, "नोर्मा, तिथं काही बोलू नकोस. आज पदवी घे. चुकीचं मग सांगशील सावकाश. कोणाला कळणार आहे?"

नोर्मानं तिचा डावा पाय धरून खालच्या पायरीवर ठेवला. तिलाही तेच वाटत होतं, आणि वाटतंय याची लाजही वाटत होती.

साडेअकराला पाच मिनिटं असताना त्या दालनात शिरल्या. नोर्माच्या निळ्या झग्यावर चुन्याचे पट्टे उठले होते. मागच्या बाकांवर कसाई, मासेवाला, चीजवाली म्हातारी, अख्खा पाला बोळ. फाउस्तोसुद्धा दार बंद करून आला होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच सगळ्यांना कळलं की काय झालंय. कुजबुज पसरली. "चढली." "काय सांगतोस?" "वरपर्यंत." चीजवालीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

समोर पाच प्राध्यापक. तास्सिनारींनी प्रस्तावना केली, भट्ट्यांविषयी चार प्रश्न विचारले. नोर्मानं धडाधड उत्तरं दिली. पाव, कणीक, लाकूड, राख, यातलं तिला न येणारं काही नव्हतंच. मग प्राध्यापिका बोझिओंनी चष्मा सारखा केला. बारीक चणीच्या, नीटनेटक्या बाई. त्यांनी एकाहत्तरावं पान उघडलं.

"सिन्योरा झानारीनी, इथं तुम्ही अंगणाची जागा अगदी ठामपणे सांगता. तुम्ही मनोऱ्यावरून पाहणी केली होती का?"

 एर्मान्ना पहिल्या बाकावरून जोरजोरात मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण! आणि खोटं तरी काय होतं त्यात? नोर्मा वर गेली होती. तेवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं.

"लिहिलं तेव्हा नाही," नोर्मा म्हणाली. "आज सकाळी केली. दहा वाजता. प्रोफेसर, हे पान चूक आहे."

मागच्या बाकांवरून एकच सुस्कारा निघाला. नोर्मा फळ्याशी गेली. पिठाच्या हाताला खडू परका नसतो. तिनं मनोरा काढला, रस्ता काढला, दोन्ही बोळ काढले, सावली काढली, आणि तिच्या टोकाशी एक झाकण. मग ती धुराड्याबद्दल बोलली, काळ्या भिंतीबद्दल बोलली, आईबद्दल बोलली, आणि बोलता बोलता विसरून गेली की ही परीक्षा आहे. आवाज चढला, हात हवेत उडायला लागले, खडूचे तुकडे झाले. तास्सिनारी अर्धे उठून फळ्याकडे बघत होते. बोझिओबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता.

"म्हणजे तुम्ही रोज तिथंच..."

"रोज. तिथंच."

परीक्षकांनी डोकी एकत्र केली. मग बोझिओबाईच बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात आता लाल शाई नव्हती.

"सिन्योरा, शोध विलक्षण आहे. पण आमच्यापुढे जो प्रबंध आहे, त्याचं मुख्य प्रकरण तुम्हीच आत्ता मोडीत काढलंत. याला आम्ही फारसे गुण देऊ शकत नाही. तुमची परीक्षांची सरासरी एकशे दहापैकी शहाण्णव आहे. माझा मनापासून सल्ला, आज माघार घ्या. हे प्रकरण नव्यानं लिहा, डिसेंबरच्या सत्रात या. एकशे चारपाच कुठं जात नाहीत."

म्हणजे झालंच. मनोऱ्यावर चढली, आणि आज पदवी नाही. मागच्या बाकांवर माना डोलल्या; त्यांना हे माहीतच होतं. एर्मान्नानं तोंडावर रुमाल धरला. नोर्मा खडूनं माखलेल्या हातांकडे बघत राहिली. डिसेंबर काही लांब नव्हता. जीनोलाही असंच वाटायचं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "माझं सगळं गाव सांगतं की त्या मनोऱ्यावर आधी चढलं तर पदवी मिळत नाही. मी चढले. आता मला त्याला खोटं पाडायचंय, आणि तेही आजच. गुण तुम्हाला हवे तितके द्या. फक्त त्या पानाला एक चिठ्ठी लावू द्या, की इथं नोर्मा झानारीनी चुकली आणि भट्टी पाला बोळात आहे. उद्या कुणी पोरगं वाचेल, ते फसायला नको."

तिनं तिथंच उभ्यानं चिठ्ठी लिहिली. सही केली. एकाहत्तराव्या पानाला डिंकानं चिकटवली. परीक्षक आतल्या खोलीत गेले, आणि त्या दहा मिनिटांत पाला बोळानं नखं खाऊन संपवली.

दार उघडलं. सगळे उभे राहिले. तास्सिनारींनी निकाल वाचायला कागद हातात घेतला, पण त्यांचे ओठ असे काही थरथरत होते की त्यांनी तो बोझिओबाईंकडेच दिला.

"प्रबंधाबद्दल," बोझिओबाईंनी वाचलं, "काही देता आलं नाही. चिठ्ठीबद्दल एक गुण. एकूण एकशे दहापैकी सत्त्याण्णव. अभिनंदन, सिन्योरा. तुम्ही पदवीधर झालात."

 मग फाउस्तोनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "सत्त्याण्णव!" आणि सगळं दालन फुटलं. कसाई हसतोय, मासेवाला बाक बडवतोय, चीजवाली डोळे पुसतेय, तास्सिनारी टेबलाला धरून उभे आहेत. बोझिओबाई गोंधळून इकडेतिकडे बघत होत्या.

"काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही, प्रोफेसर," नोर्मा हसता हसता म्हणाली. "अगदी बरोबर मोजलंत. तेवढाच मनोरा चढले मी. एक मीटर कमी नाही, एक जास्त नाही."

रस्त्यावर आल्यावर बोळानं तिच्या डोक्यावर लॉरेलच्या, रश्श्यात घालतात त्याच हिरव्या पानांचा मुकुट चढवला, पोरं गातात ती चावट गाणी गायली, आणि वरात मोठ्या चौकात आली. नोर्मा सवयीनं कमानींकडे वळली. एर्मान्नानं तिचा हात धरून मागे ओढलं. मग ती मधल्या उंच फरशीवरून तिरपी, सरळ, छाती काढून चालत गेली, आणि दुकानदार दारांत येऊन टाळ्या वाजवत होते. मनोऱ्याशी एर्मान्ना थांबली.

"आता वर जाऊ या का परत? आता काही बिघडत नाही."

"तू जा," नोर्मा म्हणाली. तिनं मुकुटातली दोन पानं खुडून झग्याच्या खिशात टाकली. "मला घरी जाऊन तोर्तेल्लीनींचा रस्सा ठेवायचाय. भट्टी वाट बघतेय."